एक तारखेला पैसे कोण देणार?

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या जपानी उद्यानात सकाळचं फिरणं झालं की बाकांवर एक वाद रंगतो. गेली दोन वर्षं मी तो ऐकते आहे आणि विषय कधी बदललेला नाही: निवृत्तीला मिळालेला पैसा मुदत ठेवीत ठेवावा की म्युच्युअल फंडात. ठेवीच्या बाजूने एक निवृत्त बँक अधिकारी, फंडाच्या बाजूने वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक अभियंता. "सात टक्क्यांत काय होते जी? महागाई खाऊन राहिली तुमचे पैसे," असं अभियंता म्हणतात. "अन् बाजार पडला मंग? तेव्हा काय कराल?" असं बँकवाले विचारतात. मग कुणीतरी मुलाने पुण्याहून पाठवलेला व्हिडिओ लावतं. त्यात तिशीतला एक पोरगा साठीतल्या माणसांनी काय करावं ते दीड मिनिटात सांगून मोकळा होतो आणि मंडळी तर्री पोह्यांच्या गाडीकडे वळतात. निकाल लागत नाही. लागणारही नाही.

कारण दोघांचाही हिशेब टक्क्यांत चालतो आणि घर चालतं तारखेवर. एक तारखेला दूधवाला, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाली बाई, बीपी-शुगरच्या गोळ्या, वीजबिल, आणि नागपुरात एप्रिल ते जून कूलर-एसीचं जे बिल येतं ते. माझं म्हणणं असं आहे की निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने परताव्याचा विचार दुसऱ्या नंबरला ठेवावा. पहिल्या नंबरला एकच विचार: दरमहा हातात किती लागणार, आणि ते मी असेपर्यंत व माझ्यामागे माझा जोडीदार असेपर्यंत कोण देणार? हे एकदा नक्की झालं की ठेव की फंड हा वाद उरलेल्या रकमेपुरता राहतो, आणि तिथे चूक झाली तरी संसार उघड्यावर येत नाही.

आधी एक कबुली. मी सरकारी लेखा शाखेत तेहतीस वर्षं काढली, जुन्या पेन्शनवाली आहे. महागाई भत्ता वाढला की माझी पेन्शन आपोआप वाढते. त्यामुळे 'ताई, तुम्हाला बोलायला काय जाते?' हा टोमणा मी निमूट ऐकून घेते, तो खराच आहे. पण त्याच टेबलवर मी शेकडो लोकांच्या पेन्शन केसेस तयार केल्या आणि तिथे एक गोष्ट पाहिली. बाहेर व्हरांड्यात माणसं एकमेकांना काय विचारत? "किती बसली?" पेन्शन किती टक्क्यांनी बसली असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. दरमहाचा आकडा विचारायचे. लोकांना योग्य प्रश्न माहीत होता, फक्त एकरकमी पैसा हातात आला की तो विसरला जायचा. आमच्याकडे पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात, बोलताना सरळ 'पेन्शन विकली' म्हणतात. विकली की रक्कम एकदम मिळते आणि पुढची पंधरा वर्षं दरमहा तेवढी कमी येते. बहुतेक सगळे विकायचे. आमच्या शाखेतल्या एका शिपाईदादांनी मात्र छदामही विकला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "पगार घरात आला तर राहते, बाई. गठ्ठा आला की त्याले पाय फुटते." नंतर मी गुंतवणुकीवर बरीच भाषणं ऐकली, पण त्या वाक्याच्या जवळपास जाणारं फारसं काही कानावर आलं नाही.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा नागपूरकरांना 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा आता पाठ झाली आहे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला, पुढे केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली. सरकारी तिजोरीला ते परवडतं का, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे, आणि मोर्चेवाल्यांच्या सगळ्याच मागण्या मला पटतात असंही नाही. पण एक कबूल करते. बागेतल्या तज्ज्ञांपेक्षा त्या मोर्चेकऱ्यांना विषय जास्त कळला आहे. बाजारात त्यांचा फंड किती वाढला, हे सांगून त्यांचं समाधान होत नाही, कारण त्यांना ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम हवी आहे आणि पडझडीचा धोका आपल्याऐवजी सरकारने उचलावा असं वाटतं. ज्याला शक्य असेल तो हेच मागेल. हिंगण्याच्या एमआयडीसीतला सुपरवायझर आणि इतवारीतला गादीवरचा मुनीम यांच्यामागे मात्र कुठलं सरकार उभं राहणार? कारखान्यातल्या माणसाला कर्मचारी पेन्शन योजना (ईपीएस) आहे, १९९५ पासून. तिचं किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये एक हजार रुपये केलं गेलं. ते साडेसात हजार करा म्हणून म्हातारी माणसं आजही धरणं धरतात. त्या हजारातून गॅस सिलिंडर घेतलं की हातात फारसं काही उरत नाही. म्हणजे या लोकांना स्वतःची पेन्शन स्वतःच बसवायची आहे, आणि आपण त्यांना सांगतो काय, तर कुठल्या फंडाने पाच वर्षांत किती दिले!

मराठी माणसाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पेन्शनर कोण? दुसरा बाजीराव. १८१८ साली तो कंपनीचा अधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला तेव्हा वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरला. ही रक्कम फार झाली अशी टीका माल्कमवर तेव्हाच झाली. बाजीराव त्रेचाळीस वर्षांचा होता. पुढे तो कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला तेहतीस वर्षं जगला आणि १८५१ मध्ये गेला. राज्यकर्ता म्हणून त्याच्याविषयी चांगलं बोलायला जीभ रेटत नाही, पण या एका व्यवहारात त्याने कंपनी सरकारला महागात पाडलं, कारण किती वर्षं जगेल याचा धोका त्याने समोरच्याच्या माथी मारला होता. आणि त्याच व्यवहारातली खोट त्याच्या मृत्यूनंतर दिसली. तनखा त्याच्यापुरता होता. दत्तक पुत्र नानासाहेबाला डलहौसीच्या सरकारने तो नाकारला. हयातीपुरतं उत्पन्न किती मोलाचं आणि आपल्यामागे काय याची तजवीज नसली की काय होतं, हे दोन्ही एकाच माणसाच्या कहाणीत आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर बाजीरावाने ॲन्युइटी, म्हणजे हयातभराचं ठरलेलं उत्पन्न, चांगली घेतली, फक्त जोडीदार-वारसाचा पर्याय टिकमार्क करायचा राहिला.

आता ठेववाल्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. मुद्दल शाबूत राहतं, रात्री झोप लागते. झोपेला किंमत नसते असं कोण म्हणेल? साठीनंतर पैसा बुडाला तर तो पुन्हा कमावण्याइतकी वर्षं हातात नसतात, हा त्यांचा मुद्दा तर बिनतोड आहे. शिवाय मुदत ठेव समजायला कुणाची मदत लागत नाही, हा तिचा गुण मी फार मोठा मानते. जे कळत नाही ते विकणाऱ्याच्या हाती आपण सापडतो. मग माझी तक्रार काय? माझे काका १९९७ मध्ये एका खासगी कंपनीतून निवृत्त झाले. तेव्हा बँका बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत, पीपीएफचा दरही बारा होता. महालातलं स्वतःचं घर, ठेवींचं व्याज, काका राजासारखे राहिले. पाच वर्षांनी ठेवी मोडून नव्याने ठेवायच्या वेळी दर सहाच्या घरात आले होते. मुद्दल पैसुद्धा कमी झालं नव्हतं, पासबुकात दिमाखात उभं होतं. पण महिन्याचे पैसे अर्धे झाले. काकूने आधी एक वर्तमानपत्र बंद केलं, मग दूध एक लिटरचं अर्ध्यावर आणलं, मग दिवाळीला पुतण्यांच्या हातावर ठेवायचं पाकीट. काका शेवटपर्यंत म्हणत राहिले की माझा एक रुपया बुडाला नाही. ते खोटं नव्हतं. पण घर चालवणाऱ्या बाईला विचारा, बुडणं म्हणजे काय ते.

आणि ही फक्त दराची गोष्ट झाली, महागाई अजून बाजूलाच आहे. रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते काढायची सोपी युक्ती: बहात्तरला सहाने भागा, बारा येतात. सहा टक्के महागाई धरली तर बाराव्या वर्षी खर्च दुप्पट. आज साठ वर्षांच्या माणसाचं घर महिना ३८ हजारांत चालत असेल तर बहात्तराव्या वर्षी त्याच घराला ७६ हजार लागतील आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी दीड लाख. बायको सहा वर्षांनी लहान असेल तर तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची असेल आणि बहुधा एकटी असेल. व्याज सगळं खाऊन मुद्दल जसंच्या तसं ठेवलं म्हणजे आपण काही गमावलं नाही, हा समज इथे कोसळतो.

बरं, ठेवीत धोका नसतो हे तरी खरं का? या शहरात राहून तसं कसं म्हणावं? २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा उघडकीला आला. बँकेने दलालांमार्फत सरकारी रोख्यांसाठी दीडशे कोटींच्या घरात पैसे मोजले आणि रोखे आलेच नाहीत. सरकारी रोखे, म्हणजे सुरक्षितपणाची परमावधी! कोर्टाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडलं. बँक बुडाली तर ठेव विम्यातून मिळतात ते एका बँकेत एका माणसाला पाच लाख, तेही ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी एक लाखच होते. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी ग्रॅच्युइटी एकाच छोट्या पतसंस्थेत टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि पतसंस्थेला तर तो विमाही नसतो. तीच माणसं शेअर बाजाराला जुगार म्हणतात.

फंडवाल्यांचा मुद्दाही कमी वजनाचा नाही. तीस वर्षांचा काळ समोर असेल तर महागाईच्या पुढे धावणारं काहीतरी जवळ हवंच आणि आजवर शेअर बाजाराने ते काम लांब पल्ल्यात केलं आहे. हे न मानणं हट्ट आहे. कराच्या बाबतीतही इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या, फंडाला सवलत आहे: वर्षभरापेक्षा जास्त काळ ठेवलेल्या युनिटांवरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. मग सगळे पैसे फंडात टाकून दरमहा ठरावीक रक्कम काढत राहायचं, म्हणजे एसडब्ल्यूपी, हा उपाय वरवर अगदी पगारासारखा दिसतो. अभियंता महाशयांचा सगळा भर याच्यावर आहे. वर्षाला बारा टक्के मिळतील, आठ काढू, चार वाढत राहतील.

अडचण 'वर्षाला' या शब्दात आहे. बाजार दरवर्षी बारा टक्के देत नाही. एका वर्षी तीस देतो, एका वर्षी वजा चाळीस. कमावत्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, उलट पडलेल्या बाजारात त्याची एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरलेली गुंतवणूक, स्वस्तात युनिट घेते. निवृत्त माणसाची गाडी उलट्या दिशेने चालते. त्याला पडलेल्या बाजारात विकावं लागतं, कारण एक तारीख थांबत नाही. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता आणि ९ मार्च २००९ ला ८,१६० वर. त्या जानेवारीत निवृत्त होऊन पन्नास लाख निर्देशांकात टाकणाऱ्याचे चौदा महिन्यांत वीस लाखांच्या आत आले असते, तेही एक पैसा न काढता. महिना तीस हजार काढणाऱ्याचं आणखी कमी. २०१० च्या दिवाळीत निर्देशांक परत वर आला हे खरं, पण खाली असताना विकलेली युनिटं थोडीच परत आली? तोच माणूस चौदा महिने उशिरा निवृत्त झाला असता तर आज त्याने बागेत बाकावर उभं राहून फंडाचा प्रचार केला असता. दोघांच्या अक्कलहुशारीत काही फरक नाही, जन्मतारखेत आहे. निवृत्तीनंतरची पहिली पाच-सात वर्षं बाजार कसा वागतो यावर पुढची पंचवीस ठरतात आणि ते आधी कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकेत विल्यम बेंगेन या सल्लागाराने १९९४ मध्ये जो चार टक्क्यांचा नियम मांडला (पहिल्या वर्षी जमा पैशांतले चारच टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईइतकीच वाढवायची), तो नेमका या धास्तीतून आला होता. तिथले शेअर आणि रोखे यांचा जुना इतिहास धुंडाळून, वाईटात वाईट वेळी निवृत्त झालेल्याचे पैसेही तीस वर्षं पुरतील असा आकडा त्याने शोधला. आपल्याकडे त्या नियमाचं नाव घेऊन लोक आठ टक्के काढायला सांगतात.

दुसरं, म्हाताऱ्या माणसाला कोण काय विकतं याकडे फंडवाले डोळेझाक करतात. यूएस-६४ आठवते? म्युच्युअल फंडाची १९६४ पासूनची योजना, घराघरांत होती, लोक ती ठेवीसारखीच समजत. जुलै २००१ मध्ये ती चालवणाऱ्या यूटीआयने तिची पुनर्खरेदी, म्हणजे युनिटं परत घेऊन पैसे देणंच, बंद केली आणि हक्काचा पैसा अडकला. मार्च २०२० मध्ये एका मोठ्या खासगी बँकेचे ८,४१५ कोटींचे रोखे शून्यावर आणले गेले. ते ग्राहकांना 'सुपर एफडी' म्हणून विकल्याचं बाजार नियामक सेबीने पुढच्या वर्षीच्या आदेशात म्हटलं, आणि घेणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक होते. माझ्या ओळखीच्या एका बाईंना बँकेतल्या गोड बोलणाऱ्या पोराने ठेवीची मुदत संपल्या दिवशी दहा वर्षांची विमा पॉलिसी दिली. वय बासष्ट, दरवर्षी दोन लाखांचा हप्ता. त्यांना वाटलं, ठेवच आहे, फक्त कागद जास्त आहेत. ठेववाल्यांची भीती म्हणून मला हास्यास्पद वाटत नाही. ती अनुभवातून आली आहे, फक्त उपाय अर्धा आहे.

माझा धाकटा भाऊ या जूनमध्ये हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला. तीस वर्षांची नोकरी, पीएफचे ३८ लाख, ग्रॅच्युइटी सात, आयुष्यभराच्या ठेवी नि पीपीएफ मिळून वीस. एकूण ६५. पेन्शन किती बसली विचारलं, म्हणाला चार हजार शंभर. ऐकून मी उठून चहा ठेवला, कारण माझी त्याच्या कैक पट आहे आणि मला ते बोलायचं नव्हतं. मग एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या मागच्या बाजूवर आम्ही हिशेब मांडला. वर मधोमध मी ३८,००० लिहिलं, घरखर्च. खाली पहिली ओळ ईपीएस, ४,१००. दुसरी ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा तीस लाख झाली आहे, दर ८.२ टक्के, व्याज तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. तिसरी पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, दोघांच्या नावे पंधरा लाख, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. बेरीज ३३,८५०. कमी पडतात चार हजार दीडशे, वर्षाचे पन्नास हजार. ते बाजूला ठेवलेल्या पाच लाखांच्या ठेवीतून आणि तिच्या व्याजातून निघतात, बँकही मोठी सरकारी घ्यायची. उरले पंधरा लाख. ते इक्विटी आणि हायब्रीड (शेअर-रोखे मिश्र) फंडांत टाकायचे आणि आठ-दहा वर्षं त्यांचं नाव काढायचं नाही. महागाईने ३८ हजारांना धाप लागेल तेव्हा ते पुढे येतील. मधल्या काळात बाजार निम्म्यावर आला तरी एक तारखेच्या दुधाला धक्का नाही. आता सांगा, यात ठेववाले जिंकले की फंडवाले?

भावाचं समाधान झालं नाही. "ताई, तू काहून इतकी घाबरते? साऱ्याचे साडेआठ टक्के सरासरी येऊन राहिले, यात काय मोठं?" मी म्हटलं, बाबू, सरासरी विसर, रकाना बघ. त्याची दुसरी शंका मात्र चांगली होती. हे दर पाच वर्षांसाठीच आहेत ना, पुढे सरकारने सहा केले तर? खरं आहे. काकांचं झालं तेच याचंही होऊ शकतं, आणि आयुष्यभराचा दर बांधून देणारी ॲन्युइटी घ्यायची तर ती आज या योजनेपेक्षा कमी देते आणि महागाईबरोबर वाढत नाही. माझं उत्तर असं की सगळं आजच बांधू नये. पासष्टीला मुदत संपेल तेव्हा त्यातला काही भाग दोघांच्या हयातीच्या ॲन्युइटीत घालावा. वय वाढलेलं असतं म्हणून दर थोडा बरा मिळतो, आणि वयाच्या सत्तरी-पंचाहत्तरीनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म भरत बसण्याची ताकदही राहत नाही. ही शेवटची गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते. बागेतल्या दोन्ही बाजू असं गृहीत धरतात की आपण नव्वदीतही पासबुक आणि पोर्टफोलिओ आजच्याच डोळ्यांनी वाचणार आहोत.

सगळ्यात जड आक्षेप पैशाबद्दल नाहीच. तो असा: 'आपल्याकडे म्हातारपण मुलांच्या भरवशावर जातं. हे हिशेब परदेशी लोकांचे. शेवटी सगळं मुलालाच द्यायचं, तर आत्ताच दे, त्याचं घरकर्ज तरी फिटेल.' माझ्या भाच्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे, वीस लाख कमी पडतात, आणि तो वाईट मुलगा मुळीच नाही. आई-बापाने मुलाला आधार देणं यात चूक ती काय? व्याजाचाच हिशेब केला तर बाप सात टक्क्यांनी ठेवतो आणि मुलगा साडेआठने कर्ज घेतो, घरचा पैसा घरात वापरणं शहाणपणाचंच दिसतं. फक्त घरकर्जाला मुदत असते, बँक असते, मुलाचा पगार तारण असतो. आई-बापाच्या पासष्टी ते नव्वदीला बँक सहजासहजी कर्ज देत नाही. आणि मुलावरचा भरवसा पुरेसा असता तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये करावा लागला नसता. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे त्याची प्रकरणं चालतात. कायद्यात मिळू शकणारा निर्वाहभत्ता किती, तर महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार. वीस लाख देऊन टाकून त्यासाठी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायचा? मुलाला द्यायचंच असेल तर पत्रिकेवरचे रकाने भरल्यावर जे उरतं त्यातून द्यावं. उरत नसेल तर 'नाही' म्हणायला शिकावं, आणि हे सांगायला बापापेक्षा आत्या बरी असते.

प्लॉटचा मोह मी एका वाक्यात उरकते. बेसा-बेलतरोडीच्या पलीकडे एनए-टीपी झालेला, आरएलवाला, म्हणजे सगळ्या सरकारी मंजुऱ्या असलेला प्लॉट कितीही वाढला तरी तो एक तारखेला काही देत नाही आणि दवाखान्यात भरती करायच्या रात्री विकला जात नाही.

राहता राहिले ज्यांच्याकडे पासष्ट लाख नाहीत ते. हा आक्षेप मला टोचतो, कारण तो बहुसंख्यांचा आहे. इतवारीतल्या त्या मुनिमाजवळ बारा लाख असतील. ज्येष्ठ नागरिक योजनेत त्याचे महिन्याला ८,२०० होतात. चाळिशी उलटल्यावर अटल पेन्शनमध्ये शिरता येत नाही, आणि वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ऐंशीपर्यंत आजही महिना दोनशे रुपये आहे. अशा माणसापुढे ठेव-फंडाचा वाद घालणं ही थट्टा आहे. त्याच्या बाबतीत दोन-तीन वर्षं जास्त काम करणं, सत्तरी गाठली की आयुष्मानचं वयवंदना कार्ड काढून घेणं (पाच लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही) आणि त्या बारा लाखांना कुणाचा हात न लागू देणं, एवढंच हाती आहे. त्याच्यापुढचा प्रश्न सार्वजनिक आहे, मोर्चातला आहे. ज्या गावात एम्प्रेस मिलने १८७७ पासून सूत कातलं आणि पीएफचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी कामगारांसाठी तशा सोयी केल्या, त्या गावाला हे नव्याने सांगावं लागू नये. मिल गेली, गांधीसागराजवळच्या त्या जागेवर मॉल आहे, आणि त्या काळच्या कामगारांची नातवंडं त्यात सेल्सची नोकरी करत असतील. त्यांना 'किती बसली' असं म्हातारपणी कोण विचारणार?

त्या दिवशी हिशेब संपवून मी पेन खाली ठेवलं तेव्हा वहिनी इतका वेळ पोळ्या लाटत ऐकत होती. हात पदराला पुसत ती आली, पत्रिका उचलली, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचली आणि म्हणाली, "ताई, हे यांचं झालं. हे नसले की यातलं माझ्यापाशी किती येते?" ईपीएसचे निम्मे होतील. बचत योजनेत तिचं नाव जोडीदार म्हणून असेल तर खातं चालू ठेवता येईल. पोस्टाची मासिक योजना दोघांच्या नावे आहे, पण एकट्या माणसाला नऊच लाख ठेवता येतात. फंडात नॉमिनी कोण, भावाला आठवेना. नवीन रकाना ओढायला पत्रिकेवर जागा उरली नव्हती. मी ती उलटी केली, तर पुढे गणपती आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. मग वहिनीनेच फ्रिजवरून मागच्या महिन्याचं वीजबिल काढून दिलं, कोऱ्या बाजूने.